हिंदुराव पिसाळांचे अडतीस मीटर

आमच्या पहाटवारा रनर्स क्लबात दोनशे दहा सभासद आहेत, आणि त्यातले हिंदुराव पिसाळ हे एकटेच असे, की जे उभ्या आयुष्यात सुटलेल्या बसमागेसुद्धा धावले नसतील. वय सासष्ट. डावा गुडघा कामातून गेलेला. सायकल चालते, पळणं नाही. अंगात बारा महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. आम्ही रंगीबेरंगी टी-शर्टात उड्या मारत अंग गरम करतो तेव्हा हा माणूस हाताची घडी घालून उभा असतो आणि आम्ही कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत धावतोय ते बघत असतो. गेल्या नोव्हेंबरात माझं आणि त्यांचं चांगलंच वाजलं. ते का, हे मीच सांगून टाकते. क्लबात त्याच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्या फिरताहेत आणि त्यातल्या एकीतही मी नीट वागलेली नाही.

हिंदुराव मूळचे साताऱ्याकडचे. एक्क्याऐंशी साली आयटीआय करून पिंपरीला आले, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चिकटले ते निवृत्तीपर्यंत. त्यातली चौतीस वर्षं गेज रूममध्ये. मशीनवरची माणसं ज्या मापांनी माल तपासतात, ती मापंच बरोबर आहेत का, हे तिथे तपासतात. म्हणजे तपासणाऱ्यांना तपासणारा हा माणूस. महिनाअखेरीला माल अडला की सुपरवायझर गयावया करत यायचे, ‘पिसाळ, केसाएवढा फरक आहे, सोडा की राव.’ त्यावर हे विचारायचे, ‘केस मोजलाय का तुमी?’

घरीही तेच. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई सांगतात, चऱ्होलीतल्या फ्लॅटचा ताबा मिळाला त्या दिवशी त्या कलश घेऊन उंबऱ्याशी उभ्या, आणि हे आत टेप लावून भिंती मोजताहेत. हॉल दीड इंच कमी भरला. ‘दीड इंचापायी मी अर्धा तास दारात उभी,’ हे कौशल्याबाई अजून येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. हिंदुराव मान खाली घालून चहा पितात, पण हॉल पूर्ण होता असं चुकूनही म्हणत नाहीत.

क्लबात ते आले तेही भांडायलाच. डिसेंबरातली आमची अर्ध मॅरेथॉन त्यांच्या बिल्डिंगवरून जाते. पहिल्याच वर्षी त्यांनी खाली येऊन ‘पाच किलोमीटर’ असा फलक पाहिला आणि क्लब चालवणाऱ्या सनीला गाठलं. सनी ताथवड्याला राहतो, आयटीत आहे, त्याचा सगळा विश्वास हातातल्या घड्याळावर. हिंदुराव म्हणाले, ‘ह्ये पाच न्हाई. मी रोज हितनं दूध आणतो.’ सनीने हसून घड्याळ पुढे केलं. हिंदुरावांनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘ह्याला कुनी तपासलंय?’ पुढच्या वर्षीपासून मार्ग मोजायचं काम त्यांच्याकडे आलं.

आता माझं. मी आम्रपाली, दापोडीची. वडील कारखान्यात होते, ते जाऊन नऊ वर्षं झाली. आई भिमाबाई आणि मी रेल्वे लाइनीजवळ दोन खोल्यांत राहतो. चाकणच्या एका कंपनीत मी डिस्पॅचला आहे. चौतिसाव्या वर्षी एका डॉक्टरने वजनावरून चार शब्द सुनावले म्हणून रागाने धावायला लागले, आणि राग टिकला. पहिली अर्ध मॅरेथॉन दोन तास एकावन्न मिनिटांत, शेवटचे तीन किलोमीटर लंगडत. त्याच दिवशी मी ती पाटी पाहिली.

चऱ्होलीच्या मैदानाशेजारी ज्या टपरीवर क्लब चहा पितो, तिच्या भिंतीवर एक काळी पत्र्याची पाटी आहे. एकवीस किलोमीटर सत्त्याण्णव मीटर दोन तासांच्या आत धावणाऱ्याचं नाव तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहितात. रंगवायला नानासाहेब पेंटर येतात आणि शर्यतीच्या दिवशीच, सगळ्यांसमोर लिहितात. पुरुषांची नावं बरीच होती. बायकांची चार. पाचवं माझं असणार, असं मी त्या दिवशी चहा संपायच्या आत ठरवून टाकलं. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘आधी जिना नीट चढ.’

चार वर्षं लागली. पहिल्या शिफ्टच्या आधी पळायचं, दुसरी शिफ्ट असली तर उशिरा उठायचा मोह टाळायचा, ओव्हरटाइम लागला की चरफडायचं. तिसऱ्या वर्षी दोन तास चार मिनिटं. चौथ्या वर्षीच्या शर्यतीआधी मार्ग मोजताना हिंदुरावांच्या मागे स्कूटर घेऊन जायची पाळी माझ्यावर आली. त्या रस्त्यावर ट्रकांचा भरवसा नाही, म्हणून सायकलीमागे कुणीतरी दिवे चमकवत असल्याशिवाय मोजणी करायची नाही, हा सनीचा नियम.

मोजायची त्यांची पद्धत अशी. नव्या रस्त्याच्या सरळ तुकड्यावर त्यांनी स्टीलच्या टेपने तीनशे मीटर मोजून दोन टोकांना डांबरात खिळे ठोकले आहेत. त्या दोन खिळ्यांमध्ये ते आपल्या जुन्या काळ्या सायकलीच्या चार खेपा करतात. म्हणजे बाराशे मीटरला चाकाचे फेरे किती, ते कळतं. त्या आकड्यावरून मग सगळा मार्ग सायकलीने मोजायचा. आणि मार्ग झाला की लगेच, त्याच सकाळी, पुन्हा खिळ्यांवर येऊन चार खेपा. ‘आदीचं माप आन् नंतरचं माप जुळलं, तर मधलं खरं,’ असं ते सांगतात. गेज रूममध्ये नव्याने आलेल्या प्रत्येक पोराला म्हणे पहिल्या दिवशी त्यांनी हेच वाक्य वहीत लिहायला लावलं.

आधीचं माप त्यांनी आदल्या दुपारी उन्हात घेतलं होतं. पहाटे सव्वाचारला आम्ही निघालो. थंडी अशी की हँडल धरलेली बोटं माझी मलाच सापडेनात. ते पुढे, शांतपणे पायडल मारत, मी मागे. मोशीच्या अलीकडे एका रसवंतीसमोर त्यांनी सायकल थांबवली, वळणाची जागा ठरवली आणि डांबरात खिळा ठोकला. परत चऱ्होलीत पोचायला पावणेसहा झाले. नंतरचं माप घ्यायचं तर उजाडायला हवं होतं, अंधारात ते खिळे दिसत नाहीत. म्हणजे आणखी अर्धा तास. मला सहा-दहाला मोशीत कंपनीची बस पकडायची होती. मी दोनदा हॉर्न वाजवला.

‘काका, चला ना. बस गेली तर अर्धा दिवस जाईल माझा.’

त्यांनी घड्याळ पाहिलं, अंधाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘बरं,’ म्हणाले. ‘नंतरचं मग बगू.’ तो ‘मग’ काही उगवला नाही, आणि मीही तो विसरून गेले.

त्या डिसेंबरात मी एक तास एकोणसाठ मिनिटं बावन्न सेकंदांत आले. आठ सेकंद राखून. शेवटची कमान ओलांडून मी रस्त्यावरच बसले आणि मोठ्याने रडले, लाज वगैरे काही वाटली नाही. नानासाहेबांनी पाटीवर नाव लिहिलं. ‘आम्रपाली’मधला ‘म्र’ त्यांनी दोनदा पुसून नीट केला. प्रमाणपत्र आईने स्वतः फ्रेम करून आणलं आणि घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या खाली लावलं. गल्लीतल्या बायका हळदीच्या पुडीला आल्या तरी आई त्यांना आधी भिंतीसमोर उभं करायची. मला ते अवघडल्यासारखं व्हायचं आणि आवडायचंही.

वर्ष गेलं. गेल्या नोव्हेंबरात हिंदुरावांनी सनीला मागे घेऊन मार्ग पुन्हा मोजला. या वेळी नंतरचं मापही घेतलं. दुपारी उन्हात बाराशे मीटरला पाचशे अठ्ठावन्न फेरे भरले होते. थंडीत, सकाळी, पाचशे एकोणसाठ. एक फेरा जास्त, आणि मागच्या वर्षी सगळा मार्ग दुपारच्याच आकड्यावर मोजला होता. सनीला त्याचं काही वाटलं नाही. हिंदुराव मात्र सायकलीवरून उतरून खाली कडेच्या दगडावर बसले, असं सनीने नंतर सांगितलं.

दोन दिवसांनी टपरीवर पाटीच्या खाली एक कागद लागला. त्यांचं ते कारखान्यातलं सरळ अक्षर. ‘मागील वर्षीचा मार्ग अडतीस मीटर कमी होता. कारण : तपासनिसाने नंतरचे माप घेतले नाही. वळण एकोणीस मीटर पुढे नेले आहे. जबाबदार : हि. ग. पिसाळ.’

मी तो कागद चहाचा कप हातात धरून वाचला. अडतीस मीटर धावायला मला तेरा सेकंद लागतात. माझे राखलेले आठ. आकडेमोडीला पेन लागलं नाही. त्या वर्षी ज्यांची नावं पाटीवर गेली त्यातले बाकीचे सगळे मिनिटभर तरी आत होते. या कागदाने दाराबाहेर काढलं ते फक्त मला.

हिंदुराव तिथेच बाकावर बसले होते. मी म्हणाले, ‘काका, अडतीस मीटर. एकवीस किलोमीटरमध्ये. ही काय सोन्याची साखळी आहे?’

‘न्हाई,’ ते म्हणाले. ‘रस्ता हाय. पन कमी व्हता.’

‘आणि वर्षभर कुणाला कळलं नव्हतं.’

‘मला बी कळलं नव्हतं. आता कळलंय.’ मग त्यांनी मला, मी विचारलं नसताना, समजावून सांगितलं. ‘थंडीत टायरातली हवा आकसती. चाक ल्हान हुतं. ल्हान चाक जास्त फेरं मारतं. आपल्याला वाटतं रस्ता भरला, पन भरलेला नसतो. ह्ये मला ठावं हाय, चाळीस वर्सं ठावं हाय.’

मला त्यांच्या टायरशी काही देणंघेणं नव्हतं. मी कप बाकावर आदळला आणि निघाले. सनी मागे आला. ‘ताई, पाच सेकंदांचा प्रश्न आहे. मार्ग सगळ्यांना तोच होता. नाव राहू दे, कोण विचारतंय?’ खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं. मग लगेच वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचा रागही हिंदुरावांवरच काढला. आठवडाभर मी त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही. ते दिसले की मी बुटाची नाडी बांधायला बसायचे.

आईला सांगायचं टाळत होते. शेवटी रविवारी जेवताना सांगितलं, थट्टेवारी नेत. आईने घास ठेवला. ‘म्हणजे त्यावर लिहिलंय ते खरं नाही?’

‘पाच सेकंदांनी नाही.’

‘मग काढ ते. त्या दोघांच्या खाली तर नकोच.’

मी स्टुलावर चढून फ्रेम काढली. भिंतीवर तेवढा चौकोन उजळ दिसत होता. आई म्हणाली, ‘त्या माणसाने नंतरचं माप का नाही घेतलं पण? इतका कडक आहे म्हणतेस.’

मी फ्रेम हातात धरून तशीच स्टुलावर उभी राहिले. मला थंडी आठवली. हँडल आठवलं. आणि माझा अंगठा आठवला, हॉर्नवर, दोनदा.

त्या कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं. सनीने त्यांना नक्की विचारलं असणार, का राहिलं म्हणून. मी सनीला फोन केला. तो म्हणाला, ‘विचारलं होतं ना. म्हणाले, राहिलं. एवढंच.’

संध्याकाळी मी चऱ्होलीला गेले. कौशल्याबाईंनी दार उघडलं आणि मला त्या दीड इंच कमी असलेल्या हॉलमध्ये बसवलं. हिंदुराव आतून आले. मला पाठ केलेलं सगळं विसरायला झालं.

‘काका, हॉर्न मी वाजवला होता.’

‘व्हय.’

‘मग कागदावर तसं का नाही लिहिलं?’

त्यांनी खिशातली पट्टी काढून बोटांत फिरवली. ‘घाई तुजी व्हती,’ म्हणाले, ‘सही माजी. चौतीस वर्सं लोक माज्या दारात घाई घिऊन आले. त्यांचं कामच ते. थांबायचं काम माजं. त्या दिशी म्या न्हाई थांबलो.’ मग म्हणाले, ‘तुला बस गावली का?’

मी मान हलवली. मला बस मिळाली होती, त्याचीच मला त्या क्षणी सगळ्यात जास्त लाज वाटली. कौशल्याबाईंनी न विचारता शेंगदाण्याचा लाडू पुढे ठेवला. ‘खा,’ म्हणाल्या. ‘ह्यांनी आठ दिवस धड गिळलं नाही, तू तरी खा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी थिनरची बाटली आणि जुनं फडकं घेऊन मी टपरीवर गेले आणि पाटीवरचं माझं नाव स्वतः पुसलं. सहज निघेना. नानासाहेबांचा रंग चांगला होता. सनी म्हणाला, ‘ताई, शर्यतीला तेरा दिवस राहिलेत, डोकं शांत ठेव.’ डोकं कधी नव्हे ते शांत होतं. मला आता पुन्हा धावायचं होतं, एवढंच.

डिसेंबरातला तो रविवार उजाडला तेव्हा मैदानात साडेपाचला कुणीतरी मोठ्याने गाणी लावली होती आणि शंभरेक माणसं अंधारात झुंबा करत होती. मी नाही. मी कडेला उभी राहून चुळबुळत होते. हिंदुराव दिसले नाहीत. ते वळणावर उभे राहणार होते, कौशल्याबाईंनी दिलेला मफलर बांधून.

पहिले सात किलोमीटर कसे गेले आठवत नाही. मोशीच्या अलीकडचा चढ मात्र पायरी-पायरीने आठवतो. चढ संपला की रसवंती. थंडीमुळे बंद, लोखंडी चरक पोत्याने झाकलेला. तिच्यासमोर जुन्या खिळ्यावर हिंदुरावांनी रंगाची लाल फुली मारली होती. मागच्या वर्षी मी इथून वळले होते. माझे पाय खरंच वळायला बघत होते. मी त्यांना पुढे ढकललं. विजेच्या डीपीच्या पेटीच्या पुढे नारिंगी शंकू होता, शेजारी ताथवड्याच्या कॉलेजातल्या दोन मुली पाण्याचे ग्लास घेऊन, आणि त्यांच्यामागे पांढरा शर्ट. मी शंकूला वळसा घातला. ते माझ्याकडे नाही, अंतराकडे बघत होते.

परतीचं मी सांगत नाही. एकवीस किलोमीटर धावणारा कुणीही ते सांगत बसला तर त्याला गप्प करावं. सतराव्याला मला वाटलं जमणार नाही, अठराव्याला खात्री झाली, आणि एकोणिसाव्याला दापोडीहून पहिली लोकल आणि दोन बस बदलून आलेली माझी आई रस्त्याच्या कडेला कौशल्याबाईंच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली दिसली. ती ओरडली नाही. तिने फक्त हाताने ‘चल, चल’ केलं, लहानपणी शाळेला उशीर झाल्यावर करायची तसं. मी चालले नाही, धावले.

एक तास एकोणसाठ मिनिटं सदतीस सेकंद.

सनीने मला उचललंच जवळजवळ. कुणी पाणी ओतलं, कुणी केळं हातात कोंबलं. नानासाहेबांनी रंगाची डबी उघडून ब्रश बुडवला आणि पाटीवर, जिथे मी पुसल्याचा पांढुरका डाग राहिला होता, तिथे हात नेला.

‘नानासाहेब, थांबा,’ मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सनी म्हणाला, ‘आता काय झालं?’

‘नंतरचं माप राहिलंय.’

पदक गळ्यात, पायांत गोळे, अशी मी स्कूटरवर बसले आणि परत त्याच रस्त्याने वळणापाशी गेले. शेवटचे धावणारे येऊन गेले होते. कॉलेजच्या मुली ग्लास गोळा करत होत्या. हिंदुराव एकटेच शंकूजवळ उभे होते, कुणी तो हलवू नये म्हणून. मी स्कूटर उभी केली.

‘काका, शंकू सकाळपासून हलला असेल तर?’

ते पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मला त्यांचे खालचे दात दिसतील इतके हसले. गुडघा धरत ते हळूहळू खाली बसले, शंकू जिथे उभा होता तिथे चारी बाजूंनी खडूची रेघ ओढली आणि मग तो उचलला. खाली डांबरात खिळा होता. त्यांनी खिशातून पट्टी काढली, खडूच्या चौकोनाचा मध्य काढला, खिळ्यापासून तिथपर्यंत पट्टी ठेवली आणि डोळे बारीक केले. मागून दोन ट्रक गेले. त्यांनी पट्टी उचलून पुन्हा ठेवली. मला कुठेही जायचं नव्हतं.

‘दोन इंच हाललाय,’ ते शेवटी म्हणाले.

मी विचारलं, ‘कुठल्या बाजूला?’

‘पलीकडं.’ त्यांनी माझ्या हाताचा आधार घेतला आणि उठले. ‘चार इंच जास्त पळलीस. जा, लिवायला सांग.’